संगोळ्ळीचा रायण्णा आणि शेतसनदीचा प्रश्न

खानापूर तालुक्यातील गुंजीच्या पूर्वेस नंदगड आहे. तेथे २६ जानेवारी १८३१ रोजी संगोळ्ळीच्या रायण्णास इंग्रजांनी फाशी दिली. सीमाभागातील मराठी शाळांतून हे नाव क्वचितच उच्चारले जाते. तो कानडी मुलखाचा वीर, आपला त्याच्याशी काय संबंध, अशी काहीशी समजूत झालेली दिसते. आम्हांस ती मान्य नाही.

कित्तूरच्या पदरचा एकनिष्ठ सेवक एवढीच रायण्णाची ओळख करून दिली जाते. ती खोटी नव्हे. पण अपुरी आहे. तो शेतसनदी होता. गावची राखण करावी, प्रसंगी हत्यार धरावे आणि त्या चाकरीबद्दल सनदेने मिळालेली जमीन कसून खावी, ही शेतसनद्यांची रीत. हा शब्द मराठी दप्तरांतही आढळतो. डिसेंबर १८२४ मध्ये कित्तूर पडल्यावर इंग्रजांनी अशा चाकरीच्या जमिनींवर सारा बसविला, कित्येक जप्त केल्या. गादी गेल्याचे दुःख संस्थानिकाचे. जमीन गेल्याचे दुःख घरोघरचे! राणी चन्नम्मा फेब्रुवारी १८२९ मध्ये बैलहोंगलच्या किल्ल्यात बंदिवासातच निवर्तल्या. तथापि बंड विझले नाही, त्याचे कारण येथे शोधावे लागते. रायण्णाने दत्तकपुत्र शिवलिंगप्पाचा हक्क पुढे केला, परंतु त्याच्यामागे माणसे उभी राहिली ती शेतावरची. त्यांनी बिडीची सरकारी कचेरी जाळली, खजिने लुटले, आणि रानाच्या आश्रयाने फौजेस हुलकावण्या दिल्या. तरवारीने न सापडलेला रायण्णा एप्रिल १८३० मध्ये फितुरीने सापडला.

या ठिकाणी वेल्स देशाच्या ओवेन ग्लिन्दूरचे स्मरण होते. इंग्लंडच्या राजाविरुद्ध त्याने १४०० मध्ये बंड उभारले, १४०४ मध्ये स्वतःची लोकसभाही भरविली. त्याचाही आरंभ शेजारच्या इंग्रज सरदाराशी झालेल्या जमिनीच्या तंट्यातून झाला, असे सांगतात. त्यास मात्र कोणी धरून दिले नाही. तो दिसेनासा झाला, आणि त्याची समाधी कोठे आहे हे आजही कोणास निश्चित ठाऊक नाही.

रायण्णाची जागा सर्वांस ठाऊक आहे. नंदगडजवळ त्याच्या समाधीपाशी वड आहे. अपत्यासाठी नवस करणारी जोडपी त्या वडास पाळणे बांधतात. त्यांत मराठी बोलणारी कोण आणि कानडी बोलणारी कोण, हे त्या पाळण्यांवरून ओळखता येत नाही.