आतड्यातील जीवाणू आणि बहुपुटी अंडाशय विकार

छत्तीसगडमधील भिलाई पोलाद कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन ४ फेब्रुवारी १९५९ रोजी झाले आणि देशाच्या विविध प्रांतांतील कुटुंबे तेथे स्थायिक झाली. अशा औद्योगिक नगरांत उत्पन्न व आरोग्यसेवा वाढतात. त्याचबरोबर शारीरिक श्रम घटतात आणि आहारात पॉलिश केलेला तांदूळ, मैदा, साखर यांचे प्रमाण वाढते. या बदलांचा संबंध केवळ मधुमेहाशी नसून स्त्रियांच्या प्रजनन आरोग्याशीही आहे.

विकाराचे स्वरूप

बहुपुटी अंडाशय विकाराचे, म्हणजेच पीसीओएसचे, वर्णन स्टाइन व लेव्हेंथल यांनी १९३५ मध्ये केले. २००३ च्या रॉटरडॅम निकषांनुसार अनियमित अंडमोचन, पुरुषी संप्रेरकांचे आधिक्य आणि सोनोग्राफीत दिसणारे बहुपुटी अंडाशय यांपैकी दोन लक्षणे आढळल्यास व तत्सम अन्य विकार नसल्यास निदान केले जाते. यातील पुटी म्हणजे वाढ खुंटलेल्या अंडपुटिका होत.

मुंबईतील १५ ते २४ वयोगटातील मुलींच्या २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत रॉटरडॅम निकषांनुसार २२.५ टक्के, तर पुरुषी संप्रेरकांचे आधिक्य अनिवार्य मानणाऱ्या निकषांनुसार १०.७ टक्के मुलींत हा विकार आढळला. निकष बदलताच आकडा बदलतो, हे अभ्यासकांनी ध्यानात घ्यावे.

जीवाणूंची भूमिका

मोठ्या आतड्यातील जीवाणू अन्नातील तंतुमय पदार्थांपासून ब्युटिरेटसारखी मेदाम्ले तयार करतात. त्यांवर आतड्याच्या अस्तराचे पोषण होते. तंतू कमी पडल्यास जीवाणूंचा समतोल ढळतो, अस्तर दुबळे होते आणि जीवाणूंच्या आवरणातील घटक रक्तात शिरून सौम्य परंतु दीर्घकालीन दाह निर्माण करतात. त्यामुळे पेशी इन्शुलिनला पुरेसा प्रतिसाद देत नाहीत व स्वादुपिंड अधिक इन्शुलिन स्रवते. हे वाढीव इन्शुलिन अंडाशयास जादा पुरुषी संप्रेरके निर्माण करण्यास प्रवृत्त करते आणि अंडपुटिकांची वाढ खुंटते. ट्रेमेलन व पीअर्स यांनी २०१२ मध्ये मांडलेल्या गृहीतकाचा हा गाभा आहे.

२०१९ मध्ये चिनी संशोधकांना रुग्ण स्त्रियांच्या आतड्यात बॅक्टेरॉइड्स व्हल्गेटस हा जीवाणू अधिक प्रमाणात आढळला. या स्त्रियांच्या मलातील जीवाणू उंदरांत सोडल्यावर त्यांच्यातही अंडाशयाचे कार्य बिघडले. तथापि, उंदरांवरील निष्कर्ष मानवास जसेच्या तसे लागू होत नाहीत. शिवाय पुरुषी संप्रेरकेही जीवाणूंच्या रचनेत बदल घडवितात. म्हणजे कारण व परिणाम एकमेकांत गुंतलेले आहेत.

भारतीय संदर्भ

११० निरोगी भारतीयांच्या २०१९ मधील अभ्यासात वनस्पतिजन्य, पिष्टमय आहार असलेल्या मध्य भारतातील लोकांत प्रिव्होटेला जीवाणूंचे प्राबल्य दिसले. चीन वा युरोपातील निष्कर्ष येथे पडताळून पाहणे म्हणूनच आवश्यक ठरते.

छत्तीसगडमध्ये शिजविलेला भात रात्रभर पाण्यात भिजवून केलेली बासी कांदा-मिरचीसोबत खाल्ली जाते. आंबण्याच्या या क्रियेत लॅक्टिक आम्ल निर्माण करणारे जीवाणू वाढतात. परंतु बासी अथवा बाजारातील प्रोबायोटिक गोळ्या या विकारावरील सिद्ध उपचार नव्हेत. संतुलित, तंतुयुक्त आहार, नियमित व्यायाम आणि वैद्यकीय सल्ल्याने औषधे हाच आजचा उपचारमार्ग होय.

प्रश्न संशोधनाइतकाच संकोचाचाही आहे. पाळी अनियमित असूनही मुलगी बोलत नाही, घरचे 'लग्नानंतर सुरळीत होईल' म्हणतात आणि निदान लांबते. दरम्यान वंध्यत्वाचा व दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाचा धोका वाढतो. जानेवारी २०१४ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात पोषण, प्रजनन आरोग्य आणि असंसर्गजन्य रोग हे तिन्ही विषय समाविष्ट आहेत. पीसीओएस या तिन्हींना जोडणारा विकार असल्याने शाळा व किशोर आरोग्य केंद्रांतून त्याची वेळीच विचारपूस होणे, हे प्रतिबंधाचे पहिले पाऊल ठरेल.