शिंगरांचा वसंत: जॉर्ज स्टब्ज यांची चित्रे

इंग्लंडमध्ये वसंत हा घोड्या विण्याचा हंगाम. दिवस मोठे होऊ लागले की घोडी माजावर येते आणि तिचा गर्भकाळ सुमारे ११ महिन्यांचा असतो. त्यामुळे एका वसंतात फळलेली घोडी पुढच्या वसंताच्या सुमारास, कुरणात कोवळे गवत उगवते तेव्हा विते. शिंगरू जन्मल्यावर तासा-दोन तासांत लटपटत उभे राहते आणि आईच्या सडाला तोंड लावते. हा मायलेकरांचा काळ जॉर्ज स्टब्ज (१७२४–१८०६) यांनी जितक्या मायेने आणि जितक्या अचूकपणे रंगवला, तितका फार थोड्या चित्रकारांनी रंगवला असेल.

स्टब्ज यांचा जन्म लिव्हरपूलचा. वडील कमावलेल्या कातड्याचा धंदा करत. चित्रकलेचे रीतसर शिक्षण त्यांना जवळजवळ मिळालेच नाही. शरीररचनेची ओढ मात्र लहानपणापासून होती. यॉर्क शहरात राहत असताना त्यांनी तिथल्या रुग्णालयात मानवी शरीररचनेचा अभ्यास केला. डॉ. जॉन बर्टन यांच्या प्रसूतिशास्त्रावरील ग्रंथासाठी त्यांनी चित्रे काढली आणि ती तांब्याच्या पत्र्यावर स्वतःच कोरली. हा ग्रंथ १७५१ मध्ये प्रसिद्ध झाला.

१७५६ मध्ये ते लिंकनशायरमधील हॉर्कस्टो या खेड्यात एका शेतघरात राहायला गेले. सुमारे १८ महिने त्यांनी तिथे घोड्यांचे विच्छेदन केले. सोबतीला होत्या त्यांच्या जीवनसाथी मेरी स्पेन्सर. मेलेल्या घोड्याच्या रक्तवाहिन्यांत वितळलेली चरबी भरायची, म्हणजे त्यांचा आकार टिकतो. मग छताच्या लोखंडी कांबीला आकड्यांनी धड टांगायचे, आणि खुरांखाली फळी देऊन जनावर चालत असल्यासारखे उभे करायचे. त्यानंतर आधी कातडी, मग स्नायूंचा एकेक थर उतरवत हाडापर्यंत जायचे आणि प्रत्येक टप्प्यावर रेखाटन करायचे. दुर्गंधी सोसत एकेका घोड्यावर कित्येक आठवडे हे काम चाले. पुढे या रेखाटनांचे ताम्रपट कोरायला लंडनचे नामवंत कोरक तयार झाले नाहीत, तेव्हा तेही काम स्टब्ज यांनी आपल्याच हाताने पुरे केले. ‘घोड्याची शरीररचना’ हा त्यांचा ग्रंथ १७६६ मध्ये प्रसिद्ध झाला.

ही रेखाटने घेऊन ते लंडनला आले, तेव्हा इंग्लंडमधील सरदार-जमीनदारांत शर्यतीच्या घोड्यांच्या पैदाशीचे वेड शिगेला पोहोचले होते. पूर्वेकडून आणलेल्या घोड्यांचा इंग्लिश घोड्यांशी संकर करून थरोब्रेड ही जात घडत होती. वळूइतकीच चांगल्या रक्ताच्या घोडीलाही किंमत होती. त्यामुळे मालकांना घोड्या आणि त्यांची शिंगरे एकाच चित्रात हवी असत. १७६० च्या दशकात स्टब्ज यांनी अशा चित्रांची एक मालिकाच केली.

या चित्रांत शर्यत नाही, स्वार नाही, लगामही नाही. झाडाखाली किंवा नदीकाठी घोड्या एका ओळीत उभ्या असतात. एकीची मान दुसरीच्या पाठीमागून पुढे येते. एखादे शिंगरू आईच्या पोटाखाली मान घालून दूध पीत असते. त्याचे पाय पाहावेत: इवल्याशा धडाला न शोभतील इतके लांब आणि काटकुळे. शिंगरू खरोखर असेच असते. रॉकिंगहॅमचे मार्क्विस यांच्यासाठी काढलेल्या एका चित्रात तर पार्श्वभूमीही नाही. नुसत्या सपाट फिकट रंगावर घोड्या आणि शिंगरे उभी आहेत, आणि सारी लय पाठीच्या व पायांच्या रेषांतून आली आहे. याच आश्रयदात्यासाठी त्यांनी १७६२ च्या सुमारास ‘व्हिसलजॅकेट’ हा मागच्या पायांवर उभा राहिलेला घोडा रंगवला. हे चित्र जवळजवळ तीन मीटर उंच आहे, आणि त्यातही घोड्यामागे दुसरे काही नाही.

हॉर्कस्टोचे कष्ट आणि या चित्रांतली माया या दोन वेगळ्या गोष्टी नव्हेत. कातडीखाली कोणता स्नायू ताणला आहे हे ठाऊक असल्यामुळेच स्टब्ज यांना घोडीचे स्वस्थ, सैलावलेले उभे राहणे दाखवता आले. जिथे ज्ञान कमी पडते तिथे चित्रकार आवेशाचा आधार घेतो. स्टब्ज यांना त्याची गरज पडली नाही.

‘व्हिसलजॅकेट’ आज लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे आणि नदीकाठच्या घोड्या-शिंगरांचे एक चित्र टेट संग्रहालयाकडे आहे. लंडनला जाणाऱ्या वाचकांनी ही दोन्ही चित्रे सवडीने पाहावीत. नजर आधी शिंगराच्या पायांकडे जाऊ द्यावी.