सभेचे नियम आणि अध्यक्षाचे तारतम्य

पुण्यात १८७५ साली न्या. रानडे यांच्या पुढाकाराने वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. त्याच्या पुढच्याच वर्षी अमेरिकेत सभेच्या कामकाजावर एक लहानसे पुस्तक निघाले. त्याचा कर्ता हेन्री मार्टिन रॉबर्ट हा वकील नव्हे, लष्करातील इंजिनियर होता. १८६३ साली न्यू बेडफर्ड गावी एका सभेचे अध्यक्षपद त्याच्यावर येऊन पडले. सभा कशी चालवावयाची हे त्याला ठाऊक नव्हते. सभेचा पुरता गोंधळ उडाला. त्या फजितीतून त्याचा अभ्यास सुरू झाला. पुढे सॅन फ्रान्सिस्कोला बदली झाल्यावर, ठिकठिकाणांहून आलेली माणसे आपापल्या गावचीच रीत खरी मानतात आणि त्यावरून तंटतात, हे त्याने पाहिले. सर्वांना एक रीत असावी, म्हणून ते पुस्तक.

असा माणूस नियमांचा कडवा असेल असे आपल्याला वाटते. आणि नियम कडक आहेतच. एका प्रश्नावर सभासदाने एका दिवसात दोनदाच बोलावे, एका वेळी दहा मिनिटे. ज्यांनी तोंड उघडलेले नाही त्यांना आधी संधी मिळावी. पण त्याच पुस्तकाच्या २०२० सालच्या बाराव्या आवृत्तीतही, डझनभर माणसांच्या समितीत हे बंधन सैल ठेवण्याची मुभा आहे. मोठ्या सभेतही दोनतृतीयांश मतांनी कामकाजाचा नियम तेवढ्यापुरता बाजूला ठेवता येतो; कोणाचीच हरकत नसेल तर मते मोजण्याचीही गरज नाही. मात्र गणसंख्येचा किंवा पूर्वसूचनेचा नियम हजर असलेल्या सर्वांनी एकमुखाने म्हटले तरी सोडता येत नाही. कारण उघड आहे. तो नियम गैरहजर माणसांच्या रक्षणासाठी आहे, आणि ते संमती द्यावयाला तेथे नाहीत.

हा भेद ध्यानात आला की अध्यक्षाचे अर्धे काम सोपे होते. समजा, डॉक्टरांच्या मंडळाची मासिक सभा भरली आहे. तालुक्याहून आलेला एक तरुण डॉक्टर आपल्या हातून चुकलेले निदान सांगत आहे. चूक कोठे झाली तेथवर तो आला आणि दहा मिनिटे संपली. घंटा वाजवून त्याला बसवले तर नियम पाळला जाईल, पण तीच चूक उद्या दुसऱ्या दवाखान्यात होईल. अशा वेळी अध्यक्षाने सभेला विचारावे, “यांना आणखी पाच मिनिटे द्यावीत का? कोणाची हरकत?” हरकत नसेल तर घंटा खाली ठेवावी.

पण बोलण्याच्या भरात तो रोग्याचे नाव घेऊ लागला तर त्याला तत्काळ थांबवावे. येथे सभेला विचारावयाचे नाही. ज्याचे गुपित आहे तो रोगी सभेत नाही.

मग दोनदा बोललेले एखादे ज्येष्ठ सद्गृहस्थ म्हणतील, “त्यांना सवलत, मग मला का नको?” प्रश्न रास्त आहे. अजून न बोललेल्यांना आधी बोलू द्यावे, नंतर त्यांची मागणीही सभेपुढे तशीच ठेवावी. निर्णय पटला नाही तर अध्यक्षाविरुद्ध सभेकडे दाद मागण्याची सोय रॉबर्टने ठेवलीच आहे, आणि अध्यक्षाने तीत अपमान मानू नये.

सवलत आणि पक्षपात यांत अंतर फार थोडे असते. सर्वांदेखत विचारून, कारण सांगून, कोणालाही मिळेल अशी दिली तर ती सवलत. स्नेह्याला पाहून घड्याळाकडे दुर्लक्ष केले तर तो पक्षपात. एकदा पक्षपाताचा संशय आला की संकोची माणूस पुढच्या सभेला येतो, पण बोलत नाही. आणि ज्याच्याजवळ चूक कबूल करण्याचे धैर्य होते, त्याचे मौन हेच त्या मंडळाचे सर्वांत मोठे नुकसान होय.