दूरस्थ केंद्राचा विच्छेद आणि प्रतिकृत संचयाचे पुनरुज्जीवन

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे झालेल्या किल्लारीच्या भूकंपापूर्वी हा प्रदेश भूकंपदृष्ट्या सर्वांत सुरक्षित विभागात गणला जात असे. माकणी येथील निम्न तेरणा जलाशयाचा या भूकंपाशी काही संबंध होता काय, याविषयी शास्त्रज्ञांत वाद झाला. माहितीच्या संचयाचा विचार करणाऱ्याने मात्र यातून एक गोष्ट निश्चित घ्यावी: कोणतेही एक स्थळ निर्धोक मानता येत नाही. म्हणूनच दुसरी प्रत दूर ठेवावी लागते.

परंतु अंतराला मूल्य आहे. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लक्ष किलोमीटर जातो. ५०० किलोमीटरवर जाऊन परतण्यास किमान ५ मिलिसेकंद लागतात. प्रत्येक नोंद दोन्हीकडे उतरल्यावाचून पोच द्यावयाची नाही, ही समकालिक पद्धती म्हणूनच जवळच्या केंद्रापुरती परवडते. दूरच्या केंद्राकडे नोंदी मागाहून जातात आणि तेथील प्रत किंचित शिळी असते.

आता दूरस्थ केंद्राकडून उत्तर येईनासे झाले असे समजू. ते केंद्र नष्ट झाले की केवळ दुवा तुटला, हे प्रधान केंद्रास एकट्याने ओळखता येत नाही. दोन्ही केंद्रांनी स्वतःस प्रधान मानले, तर दोन परस्परविरोधी इतिहास लिहिले जातात. यावर उपाय म्हणजे तिसऱ्या ठिकाणी एक साक्षी ठेवणे. ज्याला त्याचे मत मिळेल त्यानेच लेखन चालू ठेवावे, इतराने थांबावे.

२४ फेब्रुवारी २०२१ रोजी मुंबईच्या राष्ट्रीय शेअर बाजारात जवळच्या पर्यायी केंद्राकडे जाणारे दुवे बिघडले. प्रत सांभाळणारी यंत्रणा अनपेक्षित रीतीने वागली आणि प्रधान केंद्रातील संचयच यंत्रांना अप्राप्य झाला. सकाळी ११.४० ला थांबलेले व्यवहार दुपारी ३.४५ ला पुन्हा सुरू झाले. दुवा तुटला असता प्रधान केंद्राने काय करावे, हा नियम प्रतीच्या अस्तित्वाइतकाच महत्त्वाचा आहे, हे येथे दिसते.

विच्छेदाच्या काळात प्रधान केंद्र दोन प्रकारे हिशेब ठेवू शकते. रोजनाम्यात नोंदी क्रमाने राहतात, पण तो भरून जातो. बदललेल्या खंडांचा नकाशा अल्प जागेत मावतो, पण त्यात क्रम उरत नाही. नकाशावरून प्रत अद्ययावत करताना खंड स्थानक्रमाने जातात; म्हणून काम अर्धे झाले असता दूरची प्रत ना जुन्या स्थितीत असते ना नव्या. त्याच घटकेस प्रधान केंद्र कोसळले, तर दोन्ही प्रती निरुपयोगी ठरतात. यास्तव पुनर्जुळणी आरंभण्यापूर्वी दूरस्थ केंद्राच्या जुन्या, सुसंगत स्थितीचे तत्क्षणचित्र राखून ठेवावे, आणि काम पूर्ण होऊन दोन्ही प्रतींचे पडताळा-अंक जुळेपर्यंत ते पुसू नये.

मध्यंतरी दूरस्थ केंद्रावरही लेखन झाले असेल, तर दोन्हीकडील नकाशांची बेरीज घ्यावी लागते. कोणता इतिहास ग्राह्य, हा निर्णय यंत्राने नव्हे, व्यवहार जाणणाऱ्या माणसाने करावा. त्याज्य ठरलेल्या नोंदी वेगळ्या काढून तपासाव्या. प्रत ठेवणे ही केवळ तयारी होय. खरी परीक्षा ती परत जोडताना होते, आणि तिचा सराव संकटापूर्वीच झाला पाहिजे.