तीन गोष्टी, एकच तास

आयबीच्या अकरावी-बारावीत 'कॅस' नावाचा भाग असतो: सर्जनशीलता, शारीरिक हालचाल आणि सेवा. किमान 18 महिने चालतो. मार्क नसतात, पण पूर्ण केल्याशिवाय डिप्लोमा मिळत नाही. तुम्ही म्हणाल, हे शहरातल्या महागड्या शाळांचं. आमच्या चकलांब्याला त्याचं काय? पण ही कल्पना आपल्याकडे जुनीच आहे. 1937 मध्ये वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हाताच्या कामातून शिकण्याची 'नई तालीम' मांडली होती.

खरी अडचण वेळेची. दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातली हजारो कुटुंबं ऊसतोडीला जातात. मागे राहिलेली नववीतली पोरगी पाणी भरते, भावंडं सांभाळते. जागतिक आरोग्य संघटना 5 ते 17 वयासाठी दिवसाला सरासरी 60 मिनिटं हालचाल सांगते आणि घरकामही त्यात धरते. म्हणजे तिची हालचाल झाली, सेवाही झाली. मग राहिलं काय? स्वतः निवडणं आणि केलेल्या कामाचा विचार करणं. कॅसचा जोर यावरच आहे. हे नसेल तर उरतात नुसते कष्ट.

म्हणून तीन वेगळे तास शोधू नका. आठवड्यातून एकदा, शाळेच्याच वेळेत, सरांसोबत गावातल्या विहिरींपर्यंत चालत जा. दोरीने पाण्याची खोली मोजा. नकाशा रंगवून ग्रामपंचायतीत लावा. वहीत दोन ओळी लिहा: काय जमलं, काय नाही.

आणि सर-मॅडम, शाळा सुटल्यावरचा तास मागू नका. त्या पोरीकडे तो नसतो.