दुहेरी अक्षरांचं नाणं: दोष डायचा की दाबाचा?

पुसेगावात (हिंगोली जिल्ह्यातल्या, साताऱ्याकडच्या नव्हे) कुणी नाणी जमवायला लागलं, तर हाती तीन काळांतली नाणी येऊ शकतात. देवघरात ठेवलेली तांब्याची शिवराई, निजामाच्या राजवटीतला चारमिनारचा हाली रुपया आणि किराणा दुकानातून परत मिळालेली आजची चिल्लर. हा मुलूख सप्टेंबर १९४८पर्यंत निजामाच्या सत्तेखाली होता, म्हणून हाली रुपया इथल्या घरांना परका नाही. या तिन्ही प्रकारच्या नाण्यांवर कधी ना कधी एखादं अक्षर किंवा आकडा दुहेरी दिसतो. मग मोबाइलवर पाहिलेला ‘डबल छपाईचं नाणं, किंमत लाखात’ असा व्हिडिओ आठवतो आणि तिथूनच नवशिक्याची दिशाभूल सुरू होते.

दुहेरी दिसणारं प्रत्येक नाणं ‘डबल डाय’ असतं, हा सगळ्यात मोठा गैरसमज. नाणं पाडणाऱ्या पोलादी ठशाला डाय म्हणतात. त्यावर चित्र उलटं आणि खोलगट असतं. ही डायसुद्धा एका उठावदार मूळ ठशाच्या दाबाने तयार होते. पूर्वी एका दाबात पुरेशी खोली येत नसे. म्हणून डाय तापवून, मऊ करून पुन्हा दाबत. त्या दुसऱ्या दाबाला ठसा जरासा जरी फिरला, तरी डायवरच चित्र दुहेरी उमटे. खरी डबल डाय ती हीच. ग्रामपंचायतीचा रबरी शिक्काच दुहेरी कोरला गेला असेल, तर तो प्रत्येक कागदावर दुहेरी उठेल. शिक्का मारताना हात हलला, तर तेवढा एकच कागद बिघडेल. नाण्यांतही फरक नेमका इथेच आहे.

याचं जगप्रसिद्ध उदाहरण म्हणजे अमेरिकेचा १९५५चा एक सेंट. फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत दुहेरी डायवर पाडलेली ही नाणी चांगल्या नाण्यांत मिसळली गेली. दोष लक्षात आला, तरी सगळा ढीग वितळवण्याऐवजी ती तशीच बाहेर गेली. संख्या साधारण वीस ते चोवीस हजार मानली जाते. त्यांच्यावरचं साल आणि अक्षरं साध्या डोळ्यांनाही दुहेरी दिसतात. पुढे अमेरिकेत एकाच दाबात डाय पूर्ण करण्याची पद्धत आली आणि इतका ठळक दोष जवळजवळ संपला.

आपल्या चिल्लरीत दिसतो तो बहुतेक वेळा यांत्रिक दुहेरीपणा. नाणं पाडून होतं आणि त्याच क्षणी सैल बसलेली डाय किंचित सरकते किंवा उसळते. नुकत्याच उठलेल्या अक्षराची कड त्यामुळे चेपली जाते. अशी नाणी अगदी सहज सापडतात आणि जाणकार त्यांना सहसा वेगळी किंमत देत नाहीत. ओळखायचं कसं? दहा पट मोठं दाखवणारं भिंग घ्या आणि उजेड बाजूने तिरपा पडू द्या. समोरून झगमगीत प्रकाश पडला, तर सावल्याच फसवतात. ‘भारत’ या शब्दाच्या शिरोरेषेचं टोक आणि सालाचे आकडे नीट न्याहाळा. यांत्रिक दोषात अक्षराशेजारी सपाट, चकचकीत पायरी दिसते आणि मूळ अक्षर तेवढं बारीक झालेलं असतं, कारण ती पायरी त्याच्याच धातूतून झालेली असते. खऱ्या डबल डायमध्ये दोन्ही प्रतिमांना गोलाई आणि उठाव असतो, अक्षर एकंदर जाड होतं आणि टोकाशी दोन प्रतिमांमध्ये खाच दिसते.

झिजलेली डायही फसवते. १९९२पासून एक रुपयाचं नाणं स्टेनलेस स्टीलचं आहे, आणि हा धातू डायवर चांगलाच ताण टाकतो. हजारो नाणी पाडून थकलेल्या डायमधून अक्षरं फुगीर, धूसर आणि कडेच्या दिशेने ओघळल्यासारखी येतात. भोवतालची जागाही खरखरीत दिसते. याला दुर्मीळ म्हणणं चूक आहे.

शिवराईची गोष्टच वेगळी, आणि मला ती सगळ्यात मोलाची वाटते. एक ठसा ऐरणीत पक्का, दुसरा कारागिराच्या हातात आणि वरून हातोडा. दोन घावांच्या मध्ये तांब्याचा तुकडा सरकला की ‘छत्रपति’ दोनदा उमटतं. एका बाजूचं ‘श्री राजा शिव’ अर्धवट असतं, कारण तुकडा ठशापेक्षा लहान असे. हाताने पाडलेल्या नाण्यांत हे नित्याचंच; त्याने किंमत वाढत तर नाहीच, मजकूर वाचता येईनासा झाला तर उलट घटते. शिवाय घरातली प्रत्येक शिवराई शिवकाळातलीच असते असंही नाही. पुष्कळशा नंतरच्या, पेशवाईतल्या आहेत. तरीही त्या दुहेरी घावात एका माणसाचा हात दिसतो. यंत्राच्या नाण्यात तो कधीच दिसणार नाही.

काही फरक तर दोष नसतातच. चारमिनारच्या रुपयावर कमानीत कुठे ‘मीम’ तर कुठे ‘ऐन’ हे अक्षर असतं. पहिलं निजाम महबूब अली खान यांच्या नावाचं, दुसरं उस्मान अली खान यांच्या. आजच्या नाण्यावर सालाखाली चांदणी असेल तर ते हैदराबादचं, चौकटच्या आकाराची खूण असेल तर मुंबईचं, गोल ठिपका असेल तर नोएडाचं आणि खूणच नसेल तर कोलकात्याचं.

नाणं चिंचेने किंवा राखेने घासून लख्ख केलं तर दोष स्पष्ट दिसेल, हाही गैरसमज. घासल्याने अक्षरांच्या कडाच झिजतात, आणि आपल्याला पाहायच्या असतात त्या कडाच. धूळ असेल तर साध्या पाण्यात बुडवून टिपून घ्या, त्यापलीकडे काही करू नका.

शंका आली तर त्याच सालाची, त्याच टांकसाळीची आणखी नाणी गोळा करा. दुहेरीपणा त्याच जागी, त्याच दिशेने, तसाच पुन्हा सापडला तर दोष डायचा असण्याची शक्यता आहे. प्रत्येक नाण्यावर तो वेगळा दिसला, तर तो पाडतानाचा आहे. नाणं विकून देतो म्हणून कुणी आधी ‘शुल्क’ किंवा ‘कमिशन’ मागितलं, तर फोन ठेवून द्या. आपण जुन्या नाण्यांच्या खरेदी-विक्रीत नसतो आणि त्यासाठी कसलंही शुल्क घेत नाही, हे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१मध्ये जाहीर केलं आहे. जुनी नाणी समजून घ्यायची असतील, तर नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे. तिथलं संग्रहालय एकदा सावकाश पाहून या.