टायरचे वय किलोमीटरमध्ये मोजता येते का?

वापरलेली गाडी घेताना पहिला प्रश्न ठरलेला असतो : "किती किलोमीटर झाले?" आकडा जितका लहान, तितकी गाडी चांगली, असे आपण धरून चालतो. वेगाचे हौशी लोक जुनी स्पोर्ट्स कार विकत घेतानाही हेच पाहतात. अशा गाड्या बराच काळ गॅरेजमध्ये उभ्या असतात, त्यामुळे आकडा बहुधा लहानच असतो. पण गाडीचा एक भाग उभ्या उभ्याही म्हातारा होतो. तो म्हणजे टायर.

पोर्शे कंपनीच्या 'करेरा जीटी' या गाडीचे उदाहरण घेऊ. दहा सिलिंडरांचे इंजिन, सुमारे ६०० अश्वशक्ती आणि ताशी ३३० किमी कमाल वेग. गाडी घसरू लागल्यावर तिला आपोआप सावरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा मात्र तिच्यात नव्हती. ३० नोव्हेंबर २०१३ रोजी अमेरिकेत कॅलिफोर्नियातील सँटा क्लॅरिटा येथे २००५ सालची अशी एक गाडी रस्ता सोडून आदळली. चालक आणि शेजारी बसलेले चित्रपट अभिनेते पॉल वॉकर या दोघांचाही मृत्यू झाला. तपासात यांत्रिक बिघाड आढळला नाही. वेगमर्यादा ताशी सुमारे ७२ किमी असताना गाडी ताशी १३० ते १५० किमी वेगाने धावत होती, हे मुख्य कारण ठरले. त्याचबरोबर टायर नऊ वर्षांचे असल्याचे आणि गाडीच्या ताब्यावर त्याचा परिणाम झाला असण्याची शक्यताही नोंदवली गेली.

टायरच्या वयाचा आणि वळणाचा संबंध काय? वळणावर गाडीला अभिकेंद्री बल लागते. सपाट रस्त्यावर हे बल केवळ टायर आणि रस्ता यांच्यातील घर्षणातून मिळते. प्रत्येक टायरचा साधारण तळहाताएवढाच भाग रस्त्याला टेकलेला असतो. वळणावरचा कमाल वेग काढण्यासाठी घर्षणांक, गुरुत्वत्वरण आणि वळणाची त्रिज्या यांचा गुणाकार करून वर्गमूळ घ्यावे. या सूत्रात अश्वशक्ती कुठेच येत नाही!

समजा, त्रिज्या ७५ मीटर आहे. घर्षणांक ०.९ असेल तर कमाल वेग ताशी सुमारे ९३ किमी येतो. घर्षणांक ०.७ झाला, तर तो ८२ किमीवर उतरतो. ताशी १३० किमी वेगाने हेच वळण घ्यायचे तर घर्षणांक जवळजवळ १.८ हवा. रस्त्यावरच्या साध्या टायरकडून एवढी अपेक्षा करता येत नाही. म्हणजे नवे टायरही अतिवेगापुढे हतबल असतात, आणि जुने टायर ती मर्यादा आणखी अलीकडे आणतात.

रबर म्हणजे लांबलचक रेणूंच्या साखळ्या. गंधकाचे बंध त्यांना एकमेकींशी जोडतात. हवेतील ऑक्सिजन, उष्णता आणि ऊन यांमुळे काही साखळ्या तुटतात, तर काही ठिकाणी नवे बंध तयार होतात. रबर कडक होते, भेगाळते आणि रस्त्याच्या बारीक खाचखळग्यांत पूर्वीसारखे रुतत नाही. ओझोनपासून बचावासाठी रबरात मेण मिसळलेले असते. टायर फिरताना दबतो-ताणतो, तेव्हा ते पृष्ठभागावर येत राहते. उभ्या गाडीत ही क्रिया मंदावते. म्हणून नक्षी पूर्ण शाबूत असलेला टायरही निकामी असू शकतो.

वर्गात हा प्रयोग करून पाहावा. एक नवे मऊ खोडरबर आणि एक जुने, कडक झालेले खोडरबर पुसून स्वच्छ करून लाकडी फळीवर ठेवा. फळीचे एक टोक हळूहळू उचला. खोडरबर घसरू लागेल त्या क्षणी उचललेल्या टोकाची उंची मोजा. तिला त्या टोकाच्या पायाचे टेकलेल्या टोकापासूनचे आडवे अंतर मोजून भागले की घर्षणांक मिळतो. आधी कोणते घसरते, याचा अंदाज विद्यार्थ्यांना आधीच लिहून ठेवायला सांगावे.

टायरची जन्मतारीख त्याच्या बाजूवरच छापलेली असते. उत्पादन-संकेताच्या शेवटी चार अंक असतात : २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. अनेक वाहननिर्माते सहा वर्षांनी टायर बदलण्याचा सल्ला देतात. काही टायर-कंपन्या दहा वर्षे ही शेवटची मर्यादा मानतात. घरची फारशी न वापरलेली स्कूटर असो की शाळेची बस, हे चार अंक विद्यार्थ्यांना शोधायला लावावेत. किलोमीटरच्या आकड्यात न दिसणारी गोष्ट तिथे दिसते.